एकवीस दिवसांचं गायरान

अख्ख्या कॅनडात जमीन म्हणजे काय हे कळलेली एकच बाई आहे, आणि ती किचनरला माझ्या दादाच्या बेसमेंटमध्ये राहते. बाकी सगळ्यांना कळतात ती घरं, घरांचे भाव, आणि भाव चढायच्या आधी आपण का घेतलं नाही याचं दुःख. हे वाक्य मी टोरोंटोच्या एका सभेत माईक हातात घेऊन फेकलं होतं आणि त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या. ते माझं नव्हतं, त्या बाईचं होतं. सभेत सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, सांगितलं नाही. मी चळवळीतली मुलगी आहे, पत्रकं लिहिते, जाब विचारते. तेव्हा स्वतःचाही एक जबाब आधीच नोंदवलेला बरा.

नात्यानं ती माझी कुणीच लागत नाही. दादाच्या बायकोची ती आत्या. पण त्या घरात लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणतात, समोरचे पंजाबी अंकलसुद्धा. तिकडं असताना ती भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होती. म्हणजे, गावोगाव जाऊन लोकांच्या शेतांची मोजणी करणारी. कराड, फलटण, बार्शी, जिथं बदली होईल तिथं मोजणीवाल्या बाई म्हणून ओळख. डोक्याला पुरुषी हॅट, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात बूट. एका बाजूला थोरला भाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटा, आणि मध्ये साखळी टाकून ही उभी. बांध कोरणारे, खुणेचा दगड हळूच सरकवणारे, मोजणीच्या दिवशी नेमकं चावरं कुत्रं मोकळं सोडणारे, असे सगळे नमुने तिनं तीस वर्षं पाहिले आणि सगळ्यांना पुरून उरली. लग्न का केलं नाही असं मी एकदा थेट विचारलं. मला थेटच विचारता येतं. ती म्हणाली, "अगं, बघायला आलेल्या तिन्ही स्थळांची शेतं मीच मोजली होती. कुणाचा बांध किती सरकलाय हे ठाऊक असताना त्या घरात कशी नांदणार?" आयुष्यभर हजारो माणसांच्या नावावर जमिनी चढवल्या, उतरवल्या, हिच्या स्वतःच्या नावावर गुंठाभरही नाही. निवृत्तीनंतर भावाकडं, भाऊ गेल्यावर भाचीकडं.

इकडं येताना वहिनीनं गोडा मसाला, मेतकूट, कुरडया अशी हातभर यादी पाठवली होती. आत्यानं त्यातलं निम्मं वगळून बॅगेत आपली तीस मीटरची टेप घातली, चामडी डबीतली, पितळी हँडलवाली. विमानतळावरच्या माणसानं डबी उघडायला लावली आणि विचारलं, हे कशासाठी? आत्या म्हणाली, "फॉर मेजरमेंट." कशाचं मेजरमेंट? तर म्हणाली, "यट टू सी." त्या माणसानं तिला सोडलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

आल्या आठवड्यात तिनं दादाचं घर मोजलं आणि जाहिरातीत लिहिलं होतं त्याहून बेसमेंट चार इंच कमी भरतं असा निकाल दिला. दादाचा तो अख्खा दिवस वाईट गेला. मग हिवाळा आला. दादा ड्राइव्हवे शोव्हल करत होता, तर ही खिडकीतून ओरडली, "अरे, शेजाऱ्याच्या हद्दीत नऊ इंच ढीग गेला तुझा!"

"आत्या, स्नो आहे तो. एप्रिलमध्ये वितळेल."

"सगळी अतिक्रमणं अशीच सुरू होतात," आत्या म्हणाली आणि स्वेटरावर स्वेटर चढवून, स्वतः खाली उतरून, तो नऊ इंच बर्फ आपल्या बाजूला ओढून आणला. दादाची लेक दारातून म्हणाली, "आत्या, नोबडी केअर्स!" आत्या म्हणाली, "म्हणून तर मला करावं लागतं." मी त्या दिवशी तिच्या प्रेमात पडले. आमच्या संघटनेत असं एक माणूस असतं तर!

ज्या प्रकरणासाठी हे सगळं लिहितेय ते तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये सुरू झालं. मी किचनरला गेले होते, आणि दादा सकाळी सातच्या ठोक्याला तीन लॅपटॉप उघडून बसला होता. का? तर ऑगस्टमध्ये एका पार्कात तंबू ठोकायची जागा बुक करायला. सात वाजून एक मिनिटानं सगळं संपलं. माझं डोकं फिरलं. जमिनीवर झोपायला रांग! झाडाखाली पथारी पसरायला पासवर्ड! मी तिथंच, चहाचा कप हातात घेऊन, भाषण ठोकलं की या प्रांतात उत्तरेला एवढी सरकारी जंगलं पडली आहेत आणि आमची मंडळी इलेक्ट्रिक पॉइंट असलेल्या प्लॉटसाठी रडतात! आत्या लसूण सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"सरकारी म्हणजे कुणाच्या नावावर?"

"क्राऊनच्या. राजाच्या म्हण हवं तर."

"म्हणजे गायरान."

"तसंच. एका जागी वर्षाला एकवीस दिवस कुणीही राहावं. फुकट. बुकिंग नाही, गेट नाही. पण वॉशरूम नाही, नळ नाही, रस्तासुद्धा धड नाही."

"आणि अतिक्रमण?"

"फारसं नाही."

आत्याच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. "एवढं मोठं गायरान," ती म्हणाली, "आणि त्यात एकाही सरपंचाच्या मेव्हण्यानं पोल्ट्री घातली नाही?"

मी प्रामाणिक कार्यकर्ती असल्यामुळं लगेच सांगितलं, की ही जमीन खरी राजाचीही नाही, इथल्या मूळच्या लोकांची आहे, ती त्यांच्याकडून घेतली गेली. मला वाटलं, आता ती हळहळेल. ती म्हणाली, "मग फेरफार कुठाय?"

"कसला फेरफार?"

"नाव बदललं की नोंद लागते, बाई. कुणी दिली, कुणाला दिली, सही कुणाची, पंच कोण. नोटीस काढली होती?"

"काही ठिकाणी करार झाले. ते पाळले नाहीत."

"मग नोंद वादग्रस्त," आत्यानं निकाल दिला. "अशी नावं आम्ही पेन्सिलीनं लिहायचो. आणि खरा मालक ठरलेला नसला की त्या जागेत दुप्पट जपून वागायचं. उद्या तो आला तर तोंड दाखवता आलं पाहिजे." मी या विषयावर सतरा बैठकांना बसले आहे. दिवे मंद करून, डोळे मिटून, गंभीर आवाजात वाचलेली निवेदनं ऐकली आहेत. 'पेन्सिलीनं लिहायचं' एवढं साफ कुणी बोललं नव्हतं.

मे महिन्याच्या लॉन्ग वीकेंडला आम्ही दोघी निघालो. दादा आला नाही. जिथं वायफाय नाही तिथं आपली तब्येत बिघडते असं त्याचं ठाम मत आहे. तळं कुठलं ते मी सांगणार नाही. हो, जमीन सगळ्यांची आहे, माहीत आहे मला, मीच ओरडत असते. पण सांगितलं तर पुढच्या शनिवारी टोरोंटोशेजारच्या रिचमंड हिलची सगळी मंडळी तीन बार्बेक्यू आणि एक जनरेटर घेऊन तिथं हजर होतील. एवढंच सांगते, की किचनरहून सहा तास, त्यातला शेवटचा तास लाकूडतोड्यांच्या कच्च्या रस्त्यानं. रस्ता एका मोकळ्या जागेत संपतो आणि तिथून दोनशे पावलांची पाऊलवाट पाण्यापर्यंत उतरते. तो सगळा मुलूख खडकाळ. हत्तींचा कळप पाण्याकडं पाठ करून झोपावा तशी गुळगुळीत, उतरती टेकाडं. त्या सगळ्या पाठींमध्ये एक, फक्त एक, सपाट जागा होती. दोन गाद्या अंथराव्यात एवढी, वर पाइनच्या वाळक्या पानांचा मऊ थर. आत्या तिथं उभी राहिली, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "टेप काढ. टोक धर. ताठ धर."

हे 'ताठ धर' मी पुढं इतक्यांदा ऐकलं की झोपेतही माझी मूठ आवळली जाते. टेप सैल धरली की जमीन जास्त भरते, आणि जास्त भरलेली जमीन म्हणजे आत्याच्या लेखी पापच. तिनं तिथं सगळं मोजलं. चूल पाण्यापासून किती, परसाकडचा खड्डा पाण्यापासून दोनशे फूट, आणि जेवणाची पिशवी तंबूपासून दोनशे फूट. कारण अस्वलं. इकडचे लोक अस्वल म्हटलं की स्प्रे, शिट्ट्या, पत्र्याचे खास डबे असं दुकान मांडतात. आत्यानं माझं अर्ध्या तासाचं सुरक्षा-व्याख्यान ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे शिंकं. मांजराऐवजी अस्वल, एवढंच ना?" आणि दोन झाडांमध्ये दोर टाकून पिठाची, डाळीची पिशवी अशी काही अधांतरी लटकवली की दोन उन्हाळ्यांत अस्वल सोडा, खारसुद्धा तिथवर पोचली नाही. काळ्या माश्या मला फोडून काढायच्या. आत्याला त्या चावत नसत. "मी सरकारी माणूस आहे," ती म्हणायची, "त्यांना वास येतो." तीन दगडांवर ती पिठलं आणि भाकरी करायची, भाकरीवर ठेचा घेऊन खडकावर बसायची. पाण्याच्या काठाला खडकातून हातभर वर आलेली एक जुनी, गंजकी लोखंडी कांब होती. दोरीचं एक टोक त्या कांबेला आणि दुसरं पाइनला बांधून ती रोज आपला परकर वाळत घालायची. वाऱ्यावर तो निळा परकर फडफडायला लागला की एखाद्या नव्या देशाचं निशाण वाटायचं.

आणि वही. लांबट, कडक पुठ्ठ्याची, रकाने आखलेली. तारीख, आगमन, निर्गमन. शुक्रवारी संध्याकाळी सातला पोचलो तरी ती अख्खा दिवस धरायची. मी हुज्जत घालायची, तीन तासांचा कसला दिवस? "पाय लागला की दिवस लागला." एकवीस म्हणजे एकवीस, तपासायला येणारा अधिकारी दोन वर्षांत आम्ही पाहिला नाही, पण वही तयार. शेवटचा रकाना 'भोगवटादार', म्हणजे जमीन वापरतंय कोण. तिथं ती दर वेळी लिहायची, 'आम्ही दोघी, तात्पुरत्या.' एकदा दुपारी त्या सपाट जागेवर पाय पसरून बसली असताना ती म्हणाली, "आजवर मोजणी झाली की लोक मला चहा पाजून वाटेला लावायचे. मोजून झाल्यावर जिथून मला उठा म्हणणारं कुणी नाही अशी ही पहिली जमीन." मी टेप पुसून डबीत घातली. 

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही पोचलो तर पाऊलवाटेच्या तोंडाला साखळी. जाडजूड, कुलूपवाली, आणि मध्ये पाटी: खाजगी मालमत्ता, प्रवेश बंद. वाटेच्या पलीकडं, झाडांच्या आड, एका म्हाताऱ्याचं कॉटेज होतं, दोन उन्हाळे आम्ही त्याचा फक्त धूर बघितला होता. साखळी त्याचीच. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी फोनवर आधीच डाउनलोड केलेला नकाशा उघडला, आमचा निळा ठिपका सरकारी हिरव्या रंगात झळकत होता. बस्स! आल्या पावली गाडी वळवली, टोरोंटो गाठलं, आणि तीन दिवसांत दीडशे पत्रकं छापून काढली. मथळा: हे तळं कुणाच्या बापाचं नाही! इंग्रजीत तो थोडा मवाळ झाला, पण खाली 'लँड ग्रॅबर' ठसठशीत होतं. पुढच्या शुक्रवारी तिथल्या गावातल्या पेट्रोल पंपावर, गळ-गांडुळं विकणाऱ्या दुकानाच्या फळ्यावर, विजेच्या खांबांवर मी ती चिकटवत सुटले. आत्या गाडीत बसून होती. शेवटी काच खाली करून तिनं विचारलं, "मोजणी झाली का?"

"कशाला मोजणी? नकाशा आहे की!"

तिनं माझा फोन हातात घेतला, बोटांनी नकाशा मोठा केला. "ही हद्दीची रेघ जमिनीवर किती फूट जाड असेल?" मी डिंकाची बाटली खाली ठेवली. "हद्द कायम करायची तर रीत असते," ती म्हणाली. "लगतदाराला नोटीस द्यायची, समोर बोलवायचं, समक्ष मोजायचं. मग बोंब मारायची. तू उलटं केलंस."

लगतदार म्हणजे शेजारच्या जमिनीचा धारक. त्या दिवसापासून त्या म्हाताऱ्याला तिनं दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. गाडीच्या बोनेटवर वही ठेवून तिनं मराठीत नोटीस लिहिली आणि मला शब्दन् शब्द इंग्रजी करायला लावली: शनिवारी सकाळी ठीक दहा वाजता सदर जागेची मोजणी होणार असून आपण कागदपत्रांसह जातीने हजर राहावे, गैरहजर राहिल्यास मोजणी आपल्या गैरहजेरीत पूर्ण केली जाईल व नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही. मी म्हटलं, आत्या, तू निवृत्त आहेस, आणि हा तुझा तालुका नाही. ती म्हणाली, "त्याला कुठं माहितेय?" नोटीस त्याच्या पत्रपेटीत पडली, आणि मोजणीवाल्याला कुणी अडवू शकत नाही म्हणत आत्यानं साखळीखालून जाऊन तंबू नेहमीच्याच जागी ठोकायला लावला.

शनिवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना म्हातारा आला. अंगात चौकडीचा शर्ट, काखेत घडीची खुर्ची, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि खिशातून डोकावत असलेलं माझं पत्रक. मी भांडणाच्या पवित्र्यातच होते. आत्यानं आधी त्याला चहा दिला, मग भाकरी, मग ठेचा. ठेच्यानं त्याचे डोळे भरून आले; मला ते पाहून जरा बरं वाटलं. डब्यात त्याच्या बापाच्या वेळचा मोजणीचा नकाशा होता, घडीघडीवर फाटलेला. आत्या त्यावर अशी वाकली, जशी एखादी आजी नातवाच्या तोंडावर वाकते. नकाशा सांगत होता की म्हाताऱ्याच्या बोटीच्या शेडजवळ एक लोखंडी खुंट, तिथून काठाकाठानं अडीचशे फुटांवर दुसरा खुंट, तिथं त्याची हद्द संपली. पहिला खुंट जागेवर होता. दुसरा, तो म्हणाला, त्यानं स्वतः लहानपणी पाहिला होता, पण पुढं झाडझाडोऱ्यात कुठं गेला देव जाणे.

"सापडत नाही म्हणजे काढून टाकला!" मी म्हटलं.

"तू पंच नाहीस, तू वादी आहेस," आत्या म्हणाली. "गप्प बस आणि टोक धर."

खडकावर टेप तीनदा टाकावी लागली. मी एका टोकाला, आत्या दुसऱ्या, आणि म्हातारा खुर्ची उचलून मध्ये मध्ये. "ताठ! अगं ताठ!" चढावर टेप सपाट धरायला ती मला गुडघ्यावर बसवायची, उतारावर डोक्यावर हात धरायला लावायची. दुसऱ्या टेपेला म्हाताऱ्यालाही लय सापडली, मी जरा सैल सोडली की तोच मागून ओरडायला लागला, "ताठ! ताठ!" तिसरी टेप आमच्या काठाकडं उतरली. आत्या आकडे म्हणत, पाय चाचपत पुढं गेली आणि थांबली. अडीचशे फूट. तिच्या हातातलं पितळी हँडल टणकन एका कांबेवर आपटलं. त्या कांबेला दोरी होती. दोरीवर, सकाळीच वाळत घातलेला निळा परकर होता.

 आत्यानं परकर काढला, नीट घडी केला, काखेत धरला. मग खाली बसून नखानं गंज खरवडला. आत आकडे ठोकलेले होते. तेच, नकाशावरचे.

"आमच्याकडं हद्दीला दगड असतो," ती म्हणाली, मला की स्वतःला कळलं नाही. "लोखंड घातलं तर पहिल्याच महिन्यात भंगारवाला नेईल. माझ्या डोक्यातच आलं नाही गं. दोन उन्हाळे हद्दीच्या खुणेला परकर बांधला मी!"

आणि हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग उघड. म्हाताऱ्याला मी काय झालं ते सांगितलं, तर तो खुर्चीसकट मागं कलंडायचा राहिला. मीही हसत होते, पण माझं निम्मं लक्ष दुसरीकडं होतं. कांबेपासून वर, नकाशातल्या रस्त्याकडच्या खुणेपर्यंत रेघ धरली तर पाऊलवाट रेघेच्या बाहेर पडत होती, सरकारी जमिनीत. चूलही बाहेर. आणि ती दोन गाद्यांची सपाट जागा एकोणीस फूट आत.

मी तिला बाजूला घेतलं. "आत्या, त्याला तरी कुठं ठाऊक होतं? एकोणीसच फूट आहेत. आपण फक्त वाटेचं बोलू."

"पोरी," ती म्हणाली, आता अजिबात न हसता, "एकोणीस फुटांपायी मी सख्ख्या भावाला भावाच्या मयताला न गेलेलं पाहिलंय. आणि त्याला ठाऊक नसेल. मला आहे ना." मग ती खडकावर उभी राहिली, पदर खोचला आणि एकाच आवाजात दोन्ही हुकूम सोडले. मी इंग्रजी केलं. "वाट गायरानातली आहे, लगतदारानं साखळी काढावी. तंबूची जागा लगतदाराची आहे, आम्ही तंबू काढतो."

म्हाताऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, साखळी काढतो, चूक झाली. पण तंबू राहू दे तिथंच. बाईंना हवा तेवढा उन्हाळा राहू दे, माझी काही हरकत नाही. माणूस खरोखर मनापासून बोलत होता. मला पत्रकाची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

आत्यानं त्याला हात जोडले. मला म्हणाली, "सांग त्याला, फार उपकार आहेत. पण कुणाच्या परवानगीनं राहायला मला किचनरला बेसमेंट आहे." मी इंग्रजीत एवढंच सांगितलं, "शी सेज थँक यू, बट नो." काही वाक्यं पत्रकातही घालता येत नाहीत आणि तोंडी सांगताही येत नाहीत.

तंबू आम्ही कांबेच्या पलीकडं, एका हत्तीच्या पाठीवर ठोकला. उतार असा, की सकाळी दोघी खालच्या कोपऱ्यात एकमेकींवर रचलेल्या सापडलो, आत्याचा पाय माझ्या कानात. "काय गं," ती तिथूनच म्हणाली, "आता कसं हक्काचं वाटतंय!" नंतर तिनं मला गावात नेऊन दीडशेतलं प्रत्येक पत्रक सोलून काढायला लावलं, स्वतः पिशवी धरून मागं उभी राहिली. एकशे अडतीस मिळाली. बाकीची म्हाताऱ्यानं आधीच नेली होती. म्हणाला, कागद चांगला आहे, शेगडी पटकन पेटते. वहीत 'भोगवटादार'च्या रकान्यात तिनं त्या दिवशीही तेच लिहिलं: आम्ही दोघी, तात्पुरत्या.

यंदा जूनमध्ये आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता ती बेसमेंटचा जिना मोजून उतरते, अक्षरशः. डॉक्टरांनी खडक, उतार, जमिनीवर झोपणं, सगळ्याला नको म्हटलंय. किती दिवस, ते सांगितलेलं नाही. तिनं टेपेची डबी माझ्या हातात दिली. "जाऊन बघून ये. खुणा हलतात गं, नजर नसली की."

मी एकटीच गेले. साखळी नव्हती. मी कांबेपाशी टेप उलगडत होते तेवढ्यात घडीची खुर्ची घेऊन म्हातारा उतरून आला आणि माझ्या मागं वाटेकडं बघत राहिला. मी गुडघ्याचं सांगितलं.  तो खुर्ची कांबेजवळ मांडून बसला आणि टेपेचं टोक मागून घेतलं. मी सपाट जागेपर्यंत चालत गेले. सरपण रचायला त्याला अख्ख्या काठावर याहून चांगली जागा मिळाली नसती. पण तिथं काही रचलं नव्हतं, नुसती पाइनची पानं, गेल्या वर्षीपेक्षा बोटभर जाड. मागून आवाज आला, "ताठ?"

"ताठ," मी म्हटलं.

फोनला रेंज लागली ती हायवेवर आल्यावर. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

"किती भरलं?"

"एकोणीस फूट चार इंच."

"गेल्या वर्षी साडेतीन इंच होते. टोक कुणी धरलं होतं?"

"लगतदारानं."

"सैल धरलं असणार." मागं दादाच्या लेकीचा टीव्ही चालू होता. "वहीत चढवलंस?"

"अजून नाही. भोगवटादार काय लिहू? एकटीच होते मी."

"दोघीच लिही," आत्या म्हणाली. "पण पेन्सिलीनं लिही."